दम घ्यायला शिकताना

माझं पोहणं बीड जिल्ह्यातल्या विहिरीतलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि काठावरून ओरडणारे चुलते, एवढीच आमची शाळा. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी पोहायचं, नसेल त्या वर्षी विसरायचं! तरी बँकेच्या बदल्यांतही ते सुटलं नाही. जिथं पाणी मिळेल तिथं तासभर संथपणे हात मारावेत आणि घरी येऊन चहा घ्यावा. आपण पट्टीचे पोहणारे, असा माझा पक्का समज होता.

तो समज दोन वर्षांपूर्वी एका शेततळ्यात बुडाला. भावकीतल्या एकाच्या शेतात जेवायला गेलो होतो. तळ्याच्या प्लास्टिकवरून दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं घसरलं. ओला कागद इतका निसरडा असतो की, काठ हाताशी असूनही वर येता येत नाही. मी कपड्यांनिशी उडी मारली. अंतर पंचवीस-तीस मीटर. पण हात रोजच्याच चालीनं पडू लागले. जोर केला तसा दम तुटला. मी अर्ध्यात असताना पुतण्यानं पलीकडून दोर फेकला आणि पोराला ओढून घेतलं.

पोरगं वाचलं. माझी झोप मात्र उडाली. आधी दोर, मग उडी, हे मला या वयात कळायला हवं होतं. त्याहून एक गोष्ट सलत राहिली. मला पोहता येत होतं. वेळेत पोचता येत नव्हतं.

डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतलं आणि पंचवीस मीटरच्या एका तलावावर वेगानं पोहण्याची शिकवणी लावली. शिकवणारा माझ्या मुलाहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, मान खाली." विहिरीत आम्ही मान वर काढून पोहायचो. मान वर गेली की पाय खाली जातात आणि अंगच पाण्याला आडवं येतं. साठ वर्षांची मान खाली घालायला मला दोन महिने लागले!

पण खरी अडचण विश्रांतीची होती. पंचवीस मीटर जीव तोडून जायचं, मग दोन-तीन मिनिटं काठाला धरून थांबायचं. असं चार वेळा, आणि संपलं. मला ही चक्क कामचुकारपणाची शिकवणी वाटली. मी अर्ध्या मिनिटातच निघायचो आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा संथ व्हायचो. मग त्यानं समजावलं. स्नायूंतली तयार ताकद जेमतेम दहा सेकंद पुरते आणि पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. वेगाचे स्नायूतंतू वयाबरोबर आधी झिजतात; दमलेल्या अंगानं ते जागे होत नाहीत. "काका, दमून पोहू नका. दम घेऊन पोहा."

त्या मिनिटांत मला मुरलीकांत पेटकर आठवत. सांगली जिल्ह्यातले हे जवान लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं. विश्वविक्रम झाला आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक आलं. आणि कोल्हापूरचे वीरधवल खाडे? तहसीलदाराची नोकरी करून ते पुन्हा तलावात उतरले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटरचं त्यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. एवढ्याशा अंतरात किती काय मावतं!

माझे आकडे साधे आहेत. पंचवीस मीटरला चौतीस सेकंद लागत, आता सव्वीस लागतात. खांदा दुखला की आठवडाभर थांबतो. पूर्वी थांबणं म्हणजे हरणं वाटे. आता तोही सरावच वाटतो.

त्या शेततळ्याच्या चारही बाजूंनी आता गाठी मारलेले दोर सोडले आहेत, काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवली आहे. माझ्या आठ सेकंदांची गरज तिथं कधी पडू नये, हीच इच्छा. तरी बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी तलावावर असतो.