आकाशी रंग : आधी खोली पाहा!

घराला रंग काढायचा म्हटलं की बऱ्याच घरांत आकाशीवर एकमत होतं. शांत, सोज्वळ, सगळ्यांना चालणारा! पण भगिनींनो, एकदा पैसे घातले की चार-पाच वर्षं त्याच भिंतींकडे बघायचं असतं.

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, तिथला उजेड मुळातच निळसर. त्यात भिंती आकाशी दिल्या की खोली उदास, गारठलेली वाटते. दुपारी तापणाऱ्या पश्चिमेच्या खोलीला मात्र हा रंग शोभतो. खोली थंड होते असं नव्हे हं, डोळ्यांना तशी वाटते इतकंच! जोधपूरच्या जुन्या शहरात घरंच्या घरं निळी आहेत, पण तिथलं ऊनही तसंच रणरणीत.

पुस्तकातला बोटभर चौकोन चार भिंतींवर गडद भासतो, म्हणून आवडली त्याहून एक छटा फिकीच घ्यावी. पिवळ्या दिव्याखाली आकाशी मळकट, हिरवट दिसू लागतो. साडी आपण दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहतोच की! तसाच भिंतीवर हातभर पट्टा मारून घ्या, वाळू द्या आणि सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर असा तीनदा पाहा. रंगारी कुरकुरेल, कुरकुरू दे.

उत्तरेची खोली आधीच आकाशी झाली असेल, तर पुन्हा रंगाचा खर्च नको. पिवळसर पडदे आणि केशरी अभ्रे, एवढ्यानंही तिला ऊब येते.