घोड्याचा हॉक: सांधा जुळला की दुखणं थांबतं!

घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर जो टोकदार सांधा दिसतो तो हॉक. म्हणजे आपला घोटा. हा खरं तर चार सांध्यांचा गठ्ठा आहे. जवळजवळ सगळी हालचाल वरच्या सांध्यात होते. खालचे दोन जेमतेम सरकतात आणि संधिवात बहुतेक तिथेच धरतो. त्याला बोन स्पॅव्हिन म्हणतात. आइसलँडिक घोड्यांत हा फार आढळतो.

गंमत पुढे आहे. कूर्चा झिजून खालची हाडं एकमेकांना पक्की जुळली, की वेदना थांबते आणि बरेच घोडे पुन्हा नीट चालतात. पण आपोआप जुळायला कधी वर्षं लागतात, कधी जुळतच नाहीत. तोवर वेदनाशामकं, सांध्यात स्टिरॉइड; नाहीच भागलं तर शस्त्रक्रियेत सांध्यात ड्रिलिंग करून हाडं जुळवतात. वरचा सांधा मात्र आखडला तर घोडा कामातून गेलाच.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घ्यायला जाताय? मागच्या खुरांचं टोक घासलेलं आहे का पाहा, हॉकच्या आतल्या बाजूला खाली हात फिरवून कडक उंचवटा चाचपा. मग पाय मिनिटभर दुमडून धरा आणि लगेच दुडक्या चालीने पळवा. लंगडला, तर एक्स-रे काढल्याशिवाय सौदा करू नका.