उंबरठ्यापाशी अडलेलं पाऊल

कारंजा लाडच्या आमच्या घरात काका ओसरीवर बऱ्यापैकी चालतात. पण दार आलं की पाय फरशीला चिकटतात आणि जागीच थरथरतात. अशा वेळी घरच्या माणसाचा हात आपसूक ओढायला पुढे होतो. फिजिओथेरपिस्ट ताई पहिल्यांदा तोच हात थांबवतात. ओढलं की धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो.

“काका, थांबा. ताठ उभे राहा. भार डाव्या पायावर घ्या. आता उजवा पाय, मोठा टाका.”

दारापाशी ताईंनी रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आहेत, एकेका पावलाच्या अंतरावर. नुसतं ‘चला’ म्हटल्यानं न हलणारा पाय रेघ ओलांडायची म्हटल्यावर उचलतो. काकांना पार्किन्सन्स आहे. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि चालण्यासारख्या, विचार न करता होणाऱ्या हालचाली अडखळतात. डोळ्यांपुढची रेघ किंवा कानावरचा ठेका मिळाला की मेंदूला तेच पाऊल दुसऱ्या वाटेनं, जाणीवपूर्वक टाकता येतं. कारंजा हे दत्तावतारी नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव; इथल्या गुरुमंदिरातल्या आरत्यांत काकांचं आयुष्य गेलं. टाळांची लय अंगात मुरलेली. ताई तशाच टाळ्या वाजवतात आणि पावलं लांब पडू लागतात.

व्यायामाची वेळ घड्याळापेक्षा गोळीवर ठरते. लेव्होडोपाच्या गोळीचा असर होऊन अंग मोकळं झालं की सुरुवात. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, टाचा मागे घ्यायच्या, छाती पुढे झुकवायची, मग उठायचं. वळताना जागेवर गिरकी नाही; अर्धगोल घेऊन वळायचं. चालताना हातात चहाचा कप नको, गप्पाही नकोत, लक्ष पावलावरच.

पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स झालेल्यांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, त्यांतही लय आणि मोठी हालचाल हेच आधार होते. तालुक्याच्या गावात असा वर्ग नसला तरी चिकटपट्टी, टाळ्या आणि शिकवणारं जाणतं माणूस एवढ्यावर पुष्कळ होतं.

या व्यायामानं आजार जात नाही. पण स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणं ही माणसाची इभ्रत आहे आणि ती जपता येते. म्हणून निदान होताच गोळ्यांबरोबर फिजिओथेरपीही सुरू करावी. पहिल्यांदा पडेपर्यंत थांबू नये.