ओढ्याला पाणी आहे? गाडी अलीकडेच लावा

तालुक्याचा बाजार उरकून निघालात, मागे खताची गोणी बांधलेली, आणि गावाअलीकडच्या फरशी पुलावरून ओढा वाहतोय. पलीकडे आपल्याच वस्तीचे दिवे दिसतात. काठावरचा कुणीतरी म्हणतो, "काही नाही हो, घोट्याच्या वर थोडंसं आहे, जाईल गाडी." मंडळी, नेमके इथेच थांबायचे असते.

वाहते पाणी अर्धा फूट असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते. शंभर सीसीची मोटारसायकल भरते ११० ते ११५ किलो, आणि ती प्रवाहाला आडवी लागते. पाणी चाकाच्या तारांतून जाते खरे, पण इंजिन, सायलेन्सर, तुमचे पाय आणि मागची गोणी सगळा मार अंगावर घेतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो. पहिल्या दहा फुटांत जमले म्हणून मधल्या धारेत जमेलच असे नाही. फरशीला बहुधा कठडे नसतात. चाक हातभर सरकले की खाली डोहच.

शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही. पाणी पडते त्या बाजूची माती खचते, स्लॅब खालून पोकळ होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. तो तर महामार्गावरचा पूल होता. आपल्या शिवारातल्या फरशीचे काय घेऊन बसलात!

ओढ्याचे पाणी झपाट्याने चढते, तसे उतरतेही. पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-चार तासांत फरशी उघडी पडते. तेवढा वेळ अलीकडच्या गावात पाहुण्याकडे काढा. उशीर होईल, घरचे काळजी करतील, फोन करून सांगा. मात्र धरणाखालच्या नदीचे तसे नसते. विसर्ग सुरू असला तर आभाळ कोरडे असूनही पाणी वाढत राहते.

सरपंच आणि पोलीस पाटलांनीही यात लक्ष घालावे. फरशीच्या दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले खांब, त्यावर फुटांच्या खुणा, आणि पाणी आले की दोन्ही टोकांना आडवा बांबू. याला लाखांचा निधी लागत नाही. बांबू कोण लावणार, त्या माणसाचे नाव मात्र पावसाळ्याआधीच ठरलेले हवे, नाहीतर जो तो दुसऱ्यावर ढकलतो.

विजेचे निराळे. रबरी टायर आहेत म्हणून वीज पडत नाही, ही समजूत साफ चुकीची. गडगडाट ऐकू आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. गाडी सोडा आणि पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या जीप-एस.टी.त बसा. बांधावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच नको, आणि भिजायला नको म्हणून आपण नेमके तिथेच धावतो! शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते. पोरांकडून मोबाईलमध्ये घालून घ्या.

ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आलेली काळी माती भिजली की साबणासारखी होते. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. लायनर भिजले असतील तर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक हलके दाबा, म्हणजे ते सुकतात.

आणि गाडी पाण्यात बुडालीच, तर बाहेर काढल्यावर लगेच किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतले भाग वाकतात. आधी प्लग काढा, ऑइल बघा. ताकासारखे पांढरट दिसले तर ते सगळे काढून नवे भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका.