जमीन सरकारची, शिक्का गावाचा

धुलिखेल (नेपाळ)

चाकूर-अहमदपूरकडून नेपाळला येणारी बहुतेक मंडळी पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन काठमांडूहूनच माघारी फिरतात. तिबेटच्या दिशेनं जाणाऱ्या रस्त्यानं आणखी थोडं पुढं आलं की काभ्रे जिल्ह्यातलं धुलिखेल लागतं. इथले डोंगर आज हिरवेगार आहेत. पन्नास वर्षांपूर्वी यातले कितीतरी उघडेबोडके होते, हे सांगूनही खरं वाटत नाही.

हिवाळ्यात विरळणीसाठी जंगल ठरावीक दिवस उघडतात, तेव्हा इथं असायला हवं. घरटी एक माणूस येतो. हातात विळा, पाठीवर बांबूचा डोको, आणि त्याचा पट्टा थेट कपाळावर. वाळलेलं आणि विरळणीत निघालेलं तेवढंच तोडायचं, गोठ्यात अंथरायला पालापाचोळा न्यायचा. पायवाटेच्या तोंडाशी समितीचे लोक वही घेऊन बसलेले असतात. भारा मोजला जातो, ठरलेले पैसे घेतले जातात, पावती फाडली जाते. पावतीवर समूहाचा शिक्का असतो. चोरून फांदी तोडणाऱ्याला दंड होतो, आणि तो किती हे गावानंच आपल्या विधानात, म्हणजे नियमावलीत, लिहून ठेवलेलं असतं.

त्या शिक्क्यामागं मोठा इतिहास आहे. 1957 साली नेपाळ सरकारनं सगळी खासगी जंगलं राष्ट्रीय मालकीची केली. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान एका कायद्यानं परकं झालं. राखायला सरकारकडं माणसं नव्हती आणि राखावं असं गावाला काही उरलं नव्हतं, तेव्हा कुऱ्हाडी चालल्या. सरकारला हे उमगायला वीस वर्षं लागली. 1978 मध्ये पंचायतींकडं थोडं जंगल दिलं गेलं, पण खरं वळण आलं ते 1993 च्या वन कायद्यानं. जमीन सरकारचीच राहिली. वापर, राखण आणि विक्री ‘सामुदायिक वन उपभोक्ता समूहा’कडं आली. समूहाला स्वतःचं खातं मिळालं, लाकूडफाट्याचा भाव ठरवायचा अधिकार मिळाला. उत्पन्नातला किमान पाव हिस्सा जंगलावरच खर्च करावा लागतो. समितीत निम्म्या बायका असाव्यात आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक तरी बाई असावी, असा दंडक आहे. गरीब घरांना मदत द्यायची, म्हणून गावातलं कोणतं घर किती गरीब हे गावकरीच एकत्र बसून ठरवतात. त्या बैठकीत आवाज चढतात, रुसवेफुगवे होतात, पण यादी सगळ्यांसमोर होते.

आज असे 22 हजारांहून अधिक समूह सुमारे 22 लाख हेक्टर जंगल सांभाळतात. उपग्रहचित्रांवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार 1992 मध्ये देशाचा 26 टक्के भाग जंगलाखाली होता, तो 2016 पर्यंत 45 टक्क्यांवर गेला. तरणी पोरं आखातात आणि मलेशियात गेली, शेतं पडीक पडली, त्याचाही यात वाटा आहेच. आता माकडं मक्याच्या कणसांवर तुटून पडतात, आणि उन्हाळ्यात वणवा लागला तर विझवायला गावात हात उरलेले नाहीत.

पण जंगल राखणाऱ्या अशा गावांना मदत नेमकी कशाला म्हणावी, हे मला इथं कळलं. रोपं वाटणं ही सोपी मदत. इथल्या समूहांना गरज असते ती जंगल कसं वापरायचं हे ठरवणाऱ्या कार्ययोजनेची मुदत संपली की झाडांची मोजणी करून नवी योजना लिहून देणाऱ्या वन कर्मचाऱ्याची. योजना मंजूर नसेल तर कापणी बंद, म्हणजे उत्पन्नही बंद. आणि सरकारनं नवा कर लादला तर भांडायला कुणीतरी लागतं. त्यासाठी 1995 मध्ये समूहांनी आपला देशव्यापी महासंघ उभा केला.

आपल्याकडं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं हीच लढाई लढली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक एप्रिल 2011 पर्यंत हाती आलं नाही. विकता येत नसेल तो हक्क कागदावरच राहतो.

आपला लातूर जिल्हा मुळात जंगलाला पारखा. गायरान सातबाऱ्यावर सरकारचं, राखायचं कुणी हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून बांध दर वर्षी सरकत जातो. मला इथं बसून सारखं आठवतं ते आपल्या चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं संजीवनी बेट. औषधी वनस्पतींसाठी तिथं लांबून लोक येतात. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी लिहायची नोंदवही आली. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार त्याच कायद्यानं समितीला दिला आहे. वडवळच काय, तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारावं: आपल्या समितीचं खातं कोणत्या बँकेत आहे, नोंदवही सध्या कुणाकडं आहे, आणि गेल्या वर्षी शुल्काच्या किती पावत्या फाडल्या?