डोळे बांधणाऱ्या कारागिरासाठी दोन चाकूंचे म्यान

संत्र्याची रोपे तयार करणाऱ्या माणसास कामाच्या दिवसांत दोन चाकू सतत जवळ बाळगावे लागतात. पहिला डोळे बांधण्याचा. त्याचे पाते पातळ असून धार बहुधा एकाच बाजूने दिलेली असते, व ती इतकी तीक्ष्ण राखावी लागते की डोळा काढताना साल कोठेही फाटू नये. दुसरा चाकू जाड पात्याचा. जंबेरीच्या खुंटावरील काटे उडविणे, बुडाशी आलेली फूट काढणे, जुनी बांधणी कापणे ही आडदांड कामे त्याने करावयाची. एकाच चाकूवर दोन्ही कामे भागविण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. परंतु मातीने माखलेल्या, काटेरी खोडावर चाललेली धार डोळा काढण्याच्या कामी निरुपयोगी ठरते.

चाकू दोन झाले की ते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. वरूड तालुक्यात शेंदूरजना घाटसारख्या रोपवाटिकांच्या गावी हे काम दिवसभर उकिडवे बसून, वाफ्यावाफ्याने पुढे सरकत करावे लागते. चाकू फडक्यात गुंडाळून कमरेला खोचावा, तर बसता-उठता पाते फडक्यातून बाहेर येऊन मांडीस लागते. जमिनीवर ठेवावा, तर त्यास माती लागते. कोकणात माडावर चढणारा माणूस कोयता कमरेमागे लाकडी आकडीत अडकवितो. कोयत्यासाठी ती सोय उत्तम आहे, पण नाजूक पात्यास उघडी आकडी चालत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत अशी म्हण आहेच. येथे मात्र एकाच म्यानाचे दोन स्वतंत्र कप्पे केल्यास दोन चाकू सुखाने राहू शकतात. असे म्यान आयते क्वचितच मिळते, व मिळाले तरी ते आपल्या चाकूंच्या मापाचे नसते. सबब ते गावच्या किंवा तालुक्याच्या चर्मकार कारागिराकडून मुद्दाम करवून घ्यावे.

मापाबरहुकूम म्यान करविण्याचे आणखी एक कारण आहे व ते अधिक महत्त्वाचे आहे. लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस हा रोग व्हायरॉइड या विषाणूहूनही लहान अशा रोगकणामुळे होतो, आणि तो चाकूच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. रंगपूर लिंबाच्या खुंटावर या रोगाने साल तडकून तिचे पापुद्रे निघतात व झाड खुजे राहते. जंबेरी खुंटावर ही लक्षणे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे रोगी मातृवृक्ष निरोगी समजून त्याच्या डोळकाड्या घेतल्या जाण्याचा संभव असतो. हा रोगकण कोरड्या पात्यावर दीर्घकाळ टिकतो. स्पिरिटने पुसून तो नष्ट होत नाही, आणि पाते क्षणभर ज्योतीवर धरण्यावरही भिस्त ठेवता येत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्का द्रावण वापरावे. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर त्याच्या एका भागात चार भाग पाणी मिसळावे. एका मातृवृक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना पाते या द्रावणात बुडवून, पाण्याने धुऊन कोरडे करावे.

आता इतकी काळजी घेतलेला स्वच्छ चाकू जर दुसऱ्या चाकूच्या मळक्या कप्प्यात गेला, तर सर्व श्रम व्यर्थ होतात. मोठा चाकू लहान कप्प्यात शिरतच नाही, त्याची चिंता नको. धोका आहे तो उलट बाजूने, कारण लहान चाकू मोठ्या कप्प्यात सहज शिरतो. म्हणून कारागिरास सांगताना डोळ्याच्या चाकूच्या कप्प्याचे तोंड दुसऱ्यापेक्षा इंचभर उंच ठेवण्यास सांगावे. दोन दिवसांत हातास त्याची सवय होते व न पाहताही चाकू आपल्याच जागी जातो.

चामड्याची निवड

म्यानासाठी बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिद्रव्यांनी कमावलेले म्हशीचे चामडे घ्यावे. जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. शेळीचे चामडे फार पातळ पडते. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ व लवचीक असल्याने पिशव्यांना व बुटांच्या वरच्या भागास योग्य असते, परंतु ते ओले करून दिलेला आकार धरून ठेवीत नाही. दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. चामड्याचा छेद पाहावा. वनस्पतींनी कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर करडा दिसतो. कोल्हापुरी वहाणा करणाऱ्या कारागिरांना पहिल्या प्रकारच्या चामड्याची चांगली पारख असते. पूर्वी मोट, नाडे व वाद्या करणारे हात गावोगावी होते. विहिरींवर इंजिने व विजेचे पंप आल्यावर ते काम संपले, तरी जाड चामडे शिवण्याचे कसब काही घरांत अद्याप टिकून आहे. अशा कारागिराचा शोध घेऊन गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याची रोपवाटिकाधारकांशी गाठ घालून द्यावी.

माप व रचना

मापे तोंडी सांगू नयेत. दोन्ही चाकू कारागिराच्या हाती द्यावेत. हंगामात चाकू सोडणे शक्य नसेल तर त्याच रुंदी-जाडीचे लाकडी नमुने सुताराकडून करून द्यावेत. नेहमी होणारी चूक अशी की, माप घेताना मुठीची रुंदी लक्षात घेतली जाते आणि जाडी विसरली जाते. समजा, मूठ २५ मि.मी. रुंद व १८ मि.मी. जाड आहे. पाठीमागचे चामडे सपाट ठेवून पुढचा तुकडा मुठीवरून वळवावयाचा, तर त्या तुकड्याची रुंदी २५, दोन्ही बाजूंच्या जाडीचे ३६ आणि दोन्हीकडील शिवणीस १०-१० मिळून ८१ मि.मी. लागेल. मूठ गोलसर असल्यास थोडे कमी पुरते, परंतु बेतताना पूर्ण माप धरावे. वाढलेले चामडे कापता येते, कमी पडलेले जोडता येत नाही. मुठीचा सुमारे एक तृतीयांश भाग कप्प्यात शिरेल इतकी खोली ठेवावी. प्रथम जाड कागदाचा नमुना कापून त्यात चाकू घालून पाहिल्यास चामडे वाया जात नाही.

दोन्ही कप्प्यांना पाठीचा तुकडा एकच असावा व पुढचे तुकडे वेगळे असावेत. पात्यांच्या पाठी मधल्या शिवणीकडे आणि धारा बाहेरच्या कडांकडे येतील अशी मांडणी करावी. ज्या कडेस धार येते तेथे दोन थरांच्या मध्ये ३ मि.मी. जाड व १०-१२ मि.मी. रुंद अशी चामड्याची पट्टी घालून मगच शिवावे. ही पट्टी धारेचा वार सोसते. तिच्याअभावी धार रोज थोडा थोडा दोरा कापीत जाते आणि एके दिवशी पाते शिवणीतून बाहेर निघून मांडीत किंवा हातात शिरते. म्यानातील इतर काही कमी-अधिक झाले तर चालेल, या पट्टीबाबत मात्र तडजोड करू नये.

शिवण मेण लावलेल्या जाड दोऱ्याची, इंचास ६ ते ८ टाके अशी घ्यावी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घेतल्यास, एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. कप्प्यांच्या तोंडाशी अधिक ताण येतो, तेथे टाके दुहेरी करावेत. दोन्ही कप्प्यांच्या तळाशी लहानसे भोक ठेवावे, म्हणजे आत गेलेले पाणी निघून जाईल.

शिवण झाल्यावर म्यान काही मिनिटे साध्या पाण्यात भिजवून, चाकू प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून आत घालावेत व बोटांनी चामडे मुठीभोवती दाबून बसवावे. नंतर सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळविलेले चामडे आकसते व तडकते.

म्यान कमरपट्ट्यास घट्ट जोडू नये. उकिडवे बसले की त्याचे टोक जमिनीस टेकून वरची बाजू बरगडीत रुतते. चार बोटे लांब वादीने ते लोंबते ठेवावे, म्हणजे बसताना आपोआप बाजूस होते. डोळ्याचा चाकू पुढच्या कप्प्यात येऊ द्यावा, कारण दिवसातून शेकडो वेळा तोच काढावा लागतो. धोतर नेसणाऱ्या पुरुषांसाठी व लुगडे नेसणाऱ्या भगिनींसाठी वेगळा पट्टा, जवळजवळ भोके पाडलेला, म्यानाबरोबरच करवून घ्यावा.

काम सांगताना चामड्याची किंमत व मजुरी वेगवेगळी ठरवावी आणि चामड्यापुरता विसार आधी द्यावा. हाताने शिवलेल्या दुहेरी म्यानास कारागिराचा बराच वेळ जातो. चपलेच्या शिवणीशी तुलना करून मजुरीत घासाघीस करणे न्याय्य नव्हे. म्यान ताब्यात घेताना ते उलटे धरून हलकेच हलवावे. चाकू पडता कामा नयेत, आणि एका हाताने ओढल्यावर अडताही कामा नयेत. मोठा चाकू सैल वाटल्यास मुठीवरून टिचबटणाची पट्टी लावून घ्यावी.

चामडे ओलावा धरते व त्यातील कमावणीची द्रव्ये पोलादास डाग पाडतात. यास्तव रात्री चाकू म्यानात ठेवू नयेत. हायपोक्लोराइटने तर पाते फार लवकर गंजते. दिवसाचे काम संपताच दोन्ही पाती धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून कोरड्या जागी ठेवावीत, आणि सकाळी डोळे बांधण्यापूर्वी ते तेल पुसून टाकावे. म्यानास हंगामातून एक-दोनदा बाहेरून थोडे एरंडेल चोळले म्हणजे पुरे. जास्त तेलाने ते लोळागोळा होते. चामड्याचे निर्जंतुकीकरण नीट होत नाही. म्हणून डोळ्याच्या चाकूच्या कप्प्यात पातळ प्लास्टिकचे काढता-घालता येणारे अस्तर बसवून घ्यावे व ते रोज द्रावणाने धुवावे. हे अस्तर घालूनच कप्प्याचे माप घ्यावे, अन्यथा नंतर ते आत बसणार नाही. डोळे बांधण्याचा हंगाम सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी काम सांगितल्यास कारागिरास चामडे निवडण्यास व आपणास चाकू त्याच्याकडे ठेवण्यास सवड मिळते.