ट्रान्झिस्टर ते मोबाईल : घरातले आवाज जपा!

आज कामगार वस्तीतल्या लहानशा खोलीतही दोन-तीन मोबाईल सहज सापडतात. मुलांना त्याचे नवल वाटत नाही. परंतु हातात धरून कुठेही नेता येईल असे पहिले यंत्र आपल्या घरात आले, ते म्हणजे ट्रान्झिस्टर. त्यामागून टेपरेकॉर्डर, वॉकमन आणि मोबाईल आले. या प्रत्येक बदलात आपल्या पदरात काय पडले आणि हातून काय निसटते आहे, याचा हिशेब मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ट्रान्झिस्टर हे खरे तर रेडिओच्या आतल्या एका छोट्या भागाचे नाव. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला आणि 1956 साली बार्डीन, ब्रॅटन व शॉकले या तिघा शास्त्रज्ञांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीचा रेडिओ व्हॉल्व्हचा, जडशीळ. तो गरम झाल्याशिवाय बोलत नसे. ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ लहान झाला, सेलवर चालू लागला आणि जिथे वीज नाही तिथेही पोहोचला. आपल्या लोकांनी मग त्या अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायला सुरुवात केली.

माझे वडील कल्याणला रेल्वेत खलाशी. आमच्या घरी चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर होता. फळीवर बुद्धमूर्ती व बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली हा. त्या काळात रेडिओ बाळगायलाही परवाना लागे व त्याची फी पोस्टात भरावी लागे. वडिलांनी जपलेले ते परवान्याचे पुस्तक अजून आमच्या ट्रंकेत आहे. सेल उतरले की आई ते उन्हात ठेवी, म्हणजे आणखी दोन-चार दिवस निभत. आकाशवाणीवर ‘कामगार सभा’ लागली, की शेजारपाजारची मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. बुधवारी रात्री अमीन सयानींची गीतमाला असे, तेव्हा तर ओटा अपुरा पडे.

पण रेडिओचे काम एकतर्फी होते. तो बोलणार आणि आपण ऐकणार. ही स्थिती पालटली ती टेपरेकॉर्डरने.

फिलिप्स कंपनीने 1963 साली छोटी कॅसेट बाजारात आणली. आमच्याकडे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ आला तो 1990-91 साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात. आईची भिशी लागली होती, त्यात वडिलांच्या ओव्हरटाइमची भर पडली. त्या वर्षी वस्तीत दिवसभर प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी वाजत. पण त्या यंत्रावर एक तांबडे बटनही होते. ते दाबले, की आपला आवाज फितीवर उतरे.

आमची आजी गावाहून आली होती. जात्यावरच्या तिच्या ओव्यांत माहेर असे, लेकरे असत आणि भीमरायही असे. वडिलांनी साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणून तिला समोर बसवले. टेप उलटी फिरवून ऐकवला, तेव्हा आजी म्हणाली, “ही कोण बाई रं? गळा बरा हाय तिचा!” सारे घर हसले. आजी 1994 साली गेली. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने मागे सोडलेली एकमेव गोष्ट म्हणजे ती साठ मिनिटांची फीत.

आवाज जपण्याचे मोल काय असते? 1955 साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत घेतली. ती ध्वनिमुद्रित झाली, म्हणून त्यांचा आवाज आज आपल्या कानावर पडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. हे काम झाले नसते, तर त्या मायबहिणींबरोबरच त्यांचे शब्दही मातीआड गेले असते.

पुढे वॉकमन आला. सोनी कंपनीने तो 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीस काढला. माझ्या हाती तो बी.कॉम.ला असताना आला, तोही सेकंडहँड. लोकलच्या गर्दीत कानाला लावून गाणी ऐकण्याची ऐट काही औरच! मात्र त्या वॉकमनला तांबडे बटन नव्हते. ‘पुढचे’ यंत्र घेतले, आणि आपला आवाज धरण्याची सोय गेली.

मोबाईलचेही तसेच झाले. भारतात पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे ते आपले काम नव्हते. 2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले, त्याच वर्षी टॉर्चचा नोकिया 1100 आला आणि मोबाईल आपल्या वस्तीत शिरला. आता स्मार्टफोनमुळे ते तांबडे बटन प्रत्येकाच्या खिशात परत आले आहे. पण आपण ते कितीदा दाबतो? दुकानदार जुना फोन घेऊन नवा देतो. त्या जुन्या फोनमधले आईचे बोलणे नव्या फोनमध्ये आपण होऊन येत नाही. ते आपल्यालाच उचलून आणावे लागते.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, माळ्यावरच्या कॅसेटी आधी खाली काढा. ओलीने फितीला बुरशी धरते. वाजवण्यापूर्वी पेन्सिलीने फीत हलकेच फिरवून पाहा. कॅसेटच्या पाठीकडची दोन छोटी प्लास्टिकची चिपटी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. दुरुस्तीवाल्याकडून टेपचे हेड पुसून घ्या. शांत खोलीत टेप लावून शेजारी मोबाईलवर रेकॉर्ड केले, तरी काम भागते. साध्या एमपी-थ्रीमध्ये एक तासाला साधारण 58 एमबी जागा लागते. म्हणजे 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर शंभराहून अधिक तास मावतात. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. आवाज कुणाचा, गाव कोणते, साल कोणते, हे लिहायला विसरू नका.

आणि ज्यांच्या घरी कॅसेट नाही, पण म्हातारी माणसे आहेत, त्यांनी येत्या रविवारी त्यांच्यापुढे मोबाईल ठेवावा आणि विचारावे, “आजी, तुझ्या लहानपणी गाव कसं होतं?” पुढचे त्या सांगतील. आपल्या आज्या-पणज्यांना कुणी लिहिता-वाचता येऊ दिले नाही. त्यांचा इतिहास त्यांच्या गळ्यात आहे, आणि तो उतरवून घ्यायला आता एक रुपयाही लागत नाही.